उशिरा येणाऱ्यांचा बाजार

कसारा लाइनवरच्या माणसाला वाट पाहणं शिकवावं लागत नाही. कल्याणपर्यंत गाड्यांची रीघ असते. पुढे शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली करत वाशिंदला येणारी एक चुकली, की दुसरी येईपर्यंत फलाटावर दोन चहा होतात. माझ्या लहानपणी बाकीच्या गोष्टीही याच वेळापत्रकाने यायच्या. नवा सिनेमा आधी कल्याणला, नवी फॅशन आधी डोंबिवलीला, आणि कॉम्प्युटर गेम सगळ्यात शेवटी. ‘व्हाइस सिटी’ कॉम्प्युटरवर आला २००३ साली. आमच्या सायबर कॅफेत तो पोचला, तोवर मुंबईच्या मावसभावाचा पूर्ण खेळून झाला होता आणि पुढे काय होणार हे तो मला फोनवर आनंदाने सांगत होता.

गेम विकत घ्यायचा म्हणजे ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा. तिथे अस्सल गेमचा खोका काचेआड असे, किंमत हजाराच्या घरात. तोच गेम, कोऱ्या सीडीवर मार्करने नाव लिहिलेला, बाहेर शे-सव्वाशेला मिळे. या दुसऱ्या मालाला आमच्याकडे कोणी चोरीचा म्हणताना मी ऐकलं नाही. पहिला माल आपल्यासाठी नसतोच, अशी सगळ्यांची समजूत होती. घरातला कॉम्प्युटरसुद्धा वडिलांच्या ऑफिसने भंगारात काढलेला.

इंटरनेटवरच्या दुकानांनी ही समजूत मोडली, पण त्यांनीही वेळ लावलाच. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये ‘स्टीम’ सुरू केलं, ते स्वतःच्या गेममधल्या दुरुस्त्या लोकांपर्यंत पोचवायला. पुढच्या वर्षी त्यांचा ‘हाफ-लाइफ २’ आला आणि दुकानातून खोका आणला तरी इंटरनेटला जोडल्याशिवाय तो सुरू होईना. जगभर लोक वैतागले. मग इतर कंपन्यांचे गेमही तिथे विकायला आले आणि सेल लागू लागले: निम्म्या किमतीत, पाव किमतीत. त्यामागचा हिशोब सोपा आहे. खोका नाही, ट्रक नाही, गोदाम नाही. आणखी एक प्रत विकायला कंपनीला जवळपास काहीच लागत नाही. साठ डॉलर देणारे देऊन झाले, की पाच डॉलरच देऊ शकणाऱ्याला परत पाठवण्यात कोणाचा फायदा?

वाशिंदहून त्या दुकानात शिरायला मात्र दोन अडथळे होते. पहिला तारेचा. एमटीएनएल मुंबई-ठाण्यापुरतं, आमच्याकडे बीएसएनएल. २५६ केबीपीएसच्या वेगाने एक जीबी उतरायला नऊ तास लागतात. रात्री दोन ते सकाळी आठ कितीही डाउनलोड करा, अशी एक योजना होती. म्हणजे जीबीमागे दीड रात्र, आणि मध्ये भारनियमन आलं तर दोन. दुसरा अडथळा डॉलरचा. परदेशी व्यवहार चालणारं कार्ड ठाण्याच्या एका मित्राकडे होतं. तो गेम घ्यायचा, मी लोकलमध्ये त्याच्या हातावर रोख ठेवायचो. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ रुपयांवर गेला तेव्हा आम्ही दोघं रिझर्व्ह बँकेच्या बातम्या अर्थतज्ज्ञांच्या काळजीने वाचत होतो.

नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमवरच्या किमती रुपयांत दिसू लागल्या. बऱ्याच गेमच्या बाबतीत हा डॉलरचा नुसता गुणाकार नव्हता. इथला भाव अमेरिकेपेक्षा उघडच कमी होता. आमच्या खिशाचा अंदाज घेऊन कोणीतरी गेमची किंमत ठरवली, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हसाची जत्रा भरते. आजोबा तिथे घोंगडी घ्यायला जात, पण पहिल्या दिवशी कधीच नाही. जत्रा उठायला आली, उरलेला माल परत न्यायचा विक्रेत्याला कंटाळा आला, की आजोबा तिथे हजर. स्टीमचा हिवाळी सेल डिसेंबरअखेरीस, म्हणजे जत्रेच्या थोडा आधी येतो, आणि मी त्यात आजोबांच्याच चालीने फिरतो. इथे घासाघीस चालत नाही, ती कॅलेंडरशी करायची. कॅलिफोर्नियाच्या बाजूला सकाळचे दहा वाजले की भाव उतरतात. तेव्हा वाशिंदला उन्हाळी सेलला रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळीला साडेअकरा. शेवटच्या गाड्यांनी परतणाऱ्यांना सोयीची वेळ.

या बाजारात माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी, की इथे उशीर हा तोटा राहत नाही. ‘विचर ३’ मे २०१५ मध्ये आला. मी तो काही वर्षांनी घेतला. तोवर त्यातल्या चुका दुरुस्त झाल्या होत्या, वेगळ्या विकलेल्या दोन मोठ्या पुरवण्या आत आल्या होत्या, आणि तो नीट चालेल असं ग्राफिक्स कार्डही सेकंडहँड बाजारात माझ्या आवाक्यात आलं होतं. पहिल्या दिवशी घेणाऱ्याला मिळाला त्यापेक्षा चांगला गेम मला कितीतरी कमी पैशात मिळाला. सिनेमा, फॅशन, गाडी यांतल्या कशानेही उशिराचं असं बक्षीस कधी दिलं नव्हतं.

‘विचर ३’ करणारी सीडी प्रोजेक्ट ही पोलंडची कंपनी. ती १९९४ मध्ये सुरू झाली तेव्हा वॉर्सातही लॅमिंग्टन रोडसारखेच चोरट्या सीडींचे बाजार होते. १९९९ मध्ये त्यांनी ‘बॉल्डर्स गेट’ पोलिश भाषेत आणला. सोबत नकाशा आणि पुस्तिका दिली आणि भाव असा ठेवला की चोरट्या प्रतीपेक्षा खरी घ्यावीशी वाटावी. तो तडाखेबंद खपला. याच मंडळींनी २००८ मध्ये ‘गॉग’ हे जुन्या गेमचं दुकान काढलं. तिथे घेतलेली प्रत कसल्याही कुलपाशिवाय मिळते; उतरवून आपल्या डिस्कवर ठेवायची.

हे कुलूप नसणं महत्त्वाचं, कारण उशिरालाही मर्यादा आहे. ‘द क्रू’ हा २०१४ चा मोटारशर्यतीचा गेम पूर्णपणे कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून होता. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजलेल्यांच्याही हाती काही उरलं नाही. त्याच वर्षी स्टीमने पैसे भरण्याच्या पानावरच लिहायला सुरुवात केली, की तुम्ही घेताय तो परवाना. फार वाट पाहणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावं.

फुकटाची कथा आणखी वेगळी. मे २०२० मध्ये लोकल बंद, सगळे घरात. आणि ‘एपिक’ या स्टीमसारख्याच दुकानाने ‘जीटीए ५’ आठवडाभर फुकट ठेवला. गर्दीने ते दुकान काही तास कोलमडलं. गेम मिळाला, पाठोपाठ दर आठवड्याला दुसरे मिळत गेले, आणि त्यांतले बहुतेक मी उघडलेही नाहीत. ज्याची वाट पाहिली नाही त्याची ओढही लागत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘राजी’ कॉम्प्युटरवर आला. तो करणारी नॉडिंग हेड्स ही पुण्याची छोटी कंपनी. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून आगाऊ पैसे जमवायचा प्रयत्न केला, तो फसला, तरी गेम पुरा केला. सर्कशीतली राजी हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते, भावाचं नाव गोलू. परदेशी नावांच्या योद्ध्यांमध्ये इतकी वर्षं काढल्यावर ‘गोलू’ अशी हाक ऐकून मी हसलो. मी सवयीने तो यादीत टाकून सेलची वाट पाहणार होतो; पण किंमत पाहताना पहिल्यांदाच पलीकडच्या बाजूचा विचार मनात आला. विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा स्टीम ठेवतं. उरलेल्यात पगार, भाडं, पुढचा गेम. मोठी कंपनी माझ्यासारख्यांसाठी तीन वर्षं थांबू शकते, पुण्यातली ही मंडळी कशी थांबणार? मला पाव किमतीत मिळतं, कारण आधी कोणीतरी पूर्ण किंमत मोजलेली असते. आजवर ते कोणीतरी नेहमी दुसरं होतं.

‘राजी’ मी पूर्ण किमतीला घेतला. तेव्हापासून इथल्या छोट्या मंडळींचा गेम आला की सेल बघत नाही. बाकीच्या कंपन्यांनी वाशिंदच्या गिऱ्हाइकाची थोडी वाट पाहावी.