गरम पाण्याची बादली

शिकागोत जानेवारीत पारा शून्याखाली गेला तरी आमच्या ऑफिसखालच्या दुकानांच्या काचा पुसायला माणूस येतोच. बादलीतून मस्त वाफा येत असतात. एकदा न राहवून विचारलं, "गरम पाण्याने काच जास्त स्वच्छ निघते का हो?"

तो हसला. म्हणाला, "काचेला काय कळतंय? हे माझ्या हातांसाठी. हातमोज्यांत पाणी शिरतंच."

विचार केला तर खरंच आहे. काचेवर पाण्याचा थर इतका पातळ असतो की गारठलेली काच त्यातली ऊब क्षणात ओढून घेते. गोठू नये म्हणून तो बादलीत गाडीच्या काचेवर मारायचं निळं वॉशर फ्लुइड घालतो. त्यातल्या अल्कोहोलमुळे पाणी शून्याखालीही लगेच गोठत नाही, आणि रबराच्या पट्टीने ओढून काढता येतं. उकळतं पाणी मात्र चालत नाही. साधी काच एकाच जागी एकदम तापली तर तडकते. म्हणजे हाताला सोसेल इतपतच गरम.

मला पुण्यातली आमची मोरी आठवली. थंडीत भांडी घासायला मावशी यायच्या, त्याआधी आई पातेलंभर पाणी तापवून ठेवायची. "तेलकट लवकर निघतं," म्हणायची. निघायचंही. पण उन्हाळ्यात भांडी तितकीच तेलकट असायची, तेव्हा ते पातेलं काही गॅसवर चढायचं नाही.