काचेच्या पेटीतील दोन जीव

ज्ञाताधर्मकथांगाचे तेरावे अध्ययन व्यापारी घरांत विशेष आवडीने ऐकले जाते. राजगृहीच्या नंद मणियाराने लोकांसाठी पुष्करिणी बांधली. तिच्या कौतुकात त्याचे मन इतके गुंतले, की मृत्यूनंतर तो त्याच पाण्यात बेडूक होऊन जन्मला. पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार मालाची पेढी असलेल्या एका घरातील आजींनी ही कथा नातवंडांना कितीदा तरी सांगितली होती. अँटवर्पला हिऱ्यांच्या व्यवसायात असलेल्या धाकट्या मुलाकडे त्या उन्हाळ्यात गेल्या, तेव्हा नातवाच्या खोलीत काचेच्या पेटीत दोन बेडूक त्यांना दिसले.

एका शाळासोबत्याचे कुटुंब देश सोडून गेले आणि जाताना ती पेटी नातवाच्या हाती देऊन गेले. फायर-बेलीड टोड या नावाने विकली जाणारी ही जात कोरिया, ईशान्य चीन आणि रशियाच्या अतिपूर्वेची. लांबी जेमतेम 4 ते 5 सेंटीमीटर, पाठ हिरवी-काळी, पोट मात्र निखाऱ्यासारखे तांबडे. भय वाटले की अंग कमानीसारखे वाकवून ते पोटाचा रंग दाखवतात; त्वचेतून दाहक द्रव स्रवतो, म्हणून स्पर्शानंतर हात धुणे अगत्याचे. पाळीव स्थितीत ते दहा-पंधरा वर्षे सहज जगतात. पाहुणे म्हणावेत तर मुक्काम फारच लांबचा!

पेटीची अवस्था वाईट होती. तळभर पाणी, मध्ये प्लास्टिकचा एक तुकडा, वर खिडकीतले ऊन. हे प्राणी अर्धे पाण्याचे, अर्धे जमिनीचे. सुनेने 60 सेंटीमीटर लांबीचे नवे काचपात्र आणले. आजी जमिनीवर बसून गुळगुळीत गोटे निवडू लागल्या. धारदार कड लागली की दगड बाजूला. एका बाजूला गोट्यांचा उतार रचून वर नारळाच्या काथ्याचा भुसा आणि शेवाळ घातले, दुसऱ्या बाजूला सात-आठ सेंटीमीटर पाणी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांच्या त्वचेला बाधतो, म्हणून ते निवारून घेतलेले. मंद गाळणयंत्र बसवले, वर जाळीचे घट्ट झाकण ठेवले आणि पात्र उन्हातून हलवले, कारण 18 ते 24 अंश तापमान त्यांना मानवते, अधिक उष्मा सोसत नाही. पाणी गाळून पिण्यात हयात गेलेल्या आजींना या कामात काही नवीन वाटले नाही. दोघे उतारावरून पाण्यात शिरले, तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या.

प्रश्न पात्राबाहेर, प्लास्टिकच्या डबीत किरकिरत होता. हलणारे भक्ष्यच या प्राण्यांना अन्न म्हणून ओळखू येते. आठवड्यातून दोन-तीनदा जिवंत रातकिडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून सोडायचे. शाकाहारी पर्याय नाही. डाळीचा दाणा त्यांच्या लेखी खडाच.

“कुणाला तरी देऊन टाकू, आई,” मुलगा म्हणाला.

“तोही रातकिडेच घालणार ना? खाते बदलले म्हणून खर्च कमी होत नाही.” करणे, करविणे आणि अनुमोदन यांतला हिशेब आजींना पाठ होता.

नातवाने तळ्यात सोडून अभयदान द्यायचे सुचवले. सुनेने त्याला थांबवले. उभयचरांना मारणारी एक बुरशी पूर्व आशियातून प्राण्यांच्या व्यापारासोबत जगभर गेली, हे 2018 मध्ये जनुकीय अभ्यासाने दाखवले आहे. तिच्या जातीची दुसरी बुरशी 2013 मध्ये ओळखली गेली, ती शेजारच्या नेदरलँड्समधील सॅलमँडर मरू लागल्यावर. वरून निरोगी दिसणारा प्राणीही ती वाहू शकतो. दोघांना मोकळे करावे, तर तळ्यातील शेकडो जिवांवर संकट. पेटीतले वापरलेले पाणीसुद्धा बागेत ओतायचे नाही.

अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत बंधन आहे, तसा अन्नपाननिरोधही आहे. बांधून ठेवणे दोष, उपाशी ठेवणेही दोष आणि खाऊ घालणे म्हणजे विकलेंद्रियांचा घात. आजींनी या तिढ्याला सोपे उत्तर काढले नाही, हे त्यांच्या धर्मनिष्ठेचेच लक्षण मानावे लागेल. सुनेने गोठवलेल्या अळ्या चिमट्याने हलवून पाहिल्या. एकाने घेतल्या, दुसऱ्याने तोंड फिरवले. “त्याही कोणीतरी मारलेल्याच,” एवढेच आजी म्हणाल्या. अखेर ठरले ते असे: हे दोघे आयुष्यभर येथेच राहतील, तिसरा येणार नाही. दोघेही नर निघाल्याने प्रजेची चिंता नव्हती.

पुण्याहून पुतण्याने फोनवर विचारले, अशा प्राण्यांना तिकडे किंमत काय येते? आजींनी पंधरा कर्मादानांतील शेवटचे, असतीपोषण, एवढेच नाव घेतले आणि विषय बदलला.

पर्युषण जवळ आले. नातवाने विचारले, “आजी, आठ दिवस यांनाही उपवास करू दे का?”

“पच्चक्खाण त्यांनी घेतले आहे का? तुला घ्यायचे तर तू घे.”

त्याने संवत्सरीचा उपवास केला. दुसऱ्या दिवशी पारणे झाल्यावर त्याने डबी उघडली. आजी शेजारच्या खोलीत सामायिकाला बसल्या होत्या. उठल्यावर त्यांनी पात्रातले निम्मे पाणी बदलले.