बांगडी आणि माथेरानची आगगाडी

अब्बासियातल्या आमच्या गॅलरीतून विमानं फार जवळून दिसतात. विमानतळ शेजारीच, त्यामुळे सात वर्षांच्या ओमला आवाजावरून विमान उतरतंय की चढतंय ते कळतं. पण आगगाडी म्हणजे त्याच्या लेखी पुस्तकातलं चित्र. कुवेतमध्ये रेल्वेच नाही! माझं माहेर मात्र नेरळचं. रुळांच्या खडखडाटात वाढलेल्या बाईच्या मुलाला गाडीतलं बसणं ठाऊक नसावं, ही माझी जुनी बोच आहे.

तुम्ही म्हणाल, सुट्टीत जाता तेव्हा न्या की माथेरानला. तिथंच तर घोडं अडतं. आपल्या शाळांना सुट्टी जून ते ऑगस्ट, आणि घाटात दरडी कोसळतात म्हणून नेरळहून वर जाणारी गाडी जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत बंद. आम्ही मुलाला घेऊन पोहोचतो तेव्हा रुळांवर गवत वाढलेलं असतं. पावसात चालते ती फक्त अमन लॉज ते माथेरान अशी छोटी फेरी. त्यात ओम बसला, पण उतरल्यावर म्हणाला, "आई, ही तर लगेच संपली."

यंदा जुलैत मग बाबांनी त्याला नेरळ स्टेशनजवळ ठेवलेलं वाफेचं जुनं इंजिन दाखवलं. बाबांनी लहानपणी ही इंजिनं धावताना पाहिली आहेत. 1955 पासून डिझेल आलं तरी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वाफेची सोबत होती. ओमनं सहा चाकं मोजली, त्यांना जोडणारा लोखंडी दांडा पाहिला आणि विचारलं, "आजोबा, सगळी चाकं एकत्र बांधलीत, मग हे वळतं कसं?"

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, घ्या तास." शाळा सोडून आठ वर्षं झाली, तरी ते मला अजून बाईच म्हणतात. माझं एम.ए. इतिहासातलं. पीरभॉय कुटुंबाची गोष्ट मला येत होती: अब्दुल हुसेन यांनी 1904 मध्ये काम सुरू केलं, वडील सर आदमजी यांनी पैसा घातला, खर्च सोळा लाख रुपये आणि 1907 च्या मार्चमध्ये गाडी सुरू. इंजिनाच्या पोटातलं मात्र येत नव्हतं. ते मी रात्री वाचून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी आईच्या बांगड्या घेऊन बसले.

मनगट सरळ धरायचं. त्यावर सैल बांगडी. मनगट न हलवता बांगडी थोडी तिरकी होते की नाही? झालं, हीच युक्ती. जर्मनीतल्या क्लीन आणि लिंडनर या अभियंत्यांनी पहिल्या आणि शेवटच्या चाकांच्या जोडीसाठी दोन भागांचा आस केला. आत भरीव दांडा. तो जोडदांड्यानं फिरतो, पण सरळच राहतो. त्याच्यावर पोकळ नळी आणि चाकं त्या नळीला. मधोमध गोळ्यासारखा सांधा असल्यानं नळी वळणाबरोबर थोडी कलते. "पण बांगडी नुसती गोल गोल घसरली तर?" ओमची शंका बरोबर होती. म्हणून सांध्यात खीळ असते. दांडा फिरला की नळीलाही फिरावंच लागतं.

हा खटाटोप डोंगरामुळे. रूळ दोन फुटांच्या अंतराचे आणि हलके. मोठं जड इंजिन त्यांवर चालवायची सोय नाही. चढ वीस फुटांना एक फूट. आणि सुमारे वीस किलोमीटरच्या वाटेत वळणं इतकी, की साधं सहाचाकी इंजिन पहिल्याच आकड्यात अडकलं असतं. या इंजिनांमागे एव्हरार्ड कॅलथ्रॉप होता, आपल्या बार्शी लाइट रेल्वेवाला. ती बनवली जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलनं. अशी चार इंजिनं आली. त्यांतलं एक आता दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, एक पार इंग्लंडला गेलं. (परदेशी गेलेलं आपलं माणूस म्हणून मला त्याच्याविषयी उगाच माया वाटते.)

2005 च्या पुरानं हा मार्ग वाहून गेला होता, 2019 च्या पावसानं पुन्हा. दोन्ही वेळा दुरुस्त करून गाडी सुरू केली, दुसऱ्यांदा 2022 च्या ऑक्टोबरात. त्या मधल्या वर्षांत बाबांचे गुडघे गेले. आता तेही म्हणतात, "पुढच्या वर्षी बघू," आणि हे वाक्य मला आवडत नाही.

म्हणून ठरवलंय. डिसेंबरच्या सुट्टीत ओमला घेऊन जायचं. यांना रजा नाही, तिकिटं महाग आहेत, दहाच दिवस मिळतील, हे सगळं खरं. दर शुक्रवारी बाबांचा फोन येतो, रुळांची डागडुजी कुठवर आली ते सांगायला. दरीच्या बाजूची खिडकी नातवाला, आणि आपल्याला त्याच्या शेजारची जागा, असं त्यांनी आत्ताच बजावून ठेवलंय. ओमनं माझी एक बांगडी बॅगेत टाकली आहे. इंजिनाजवळ नेऊन ती आजोबांना पुन्हा दाखवायची म्हणतो.