रिसाल्यातली हवा

खोकल्याने खोलीत अडकलेल्या माणसाचं मन कुठेही भटकतं. हिंगोलीत ते घोड्यांकडे वळलं, तर नवल नाही. निजामाच्या काळात इथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. १९०३ साली ते दल वेगळं उरलं नाही, पण रिसाला (म्हणजे घोडदळ), पलटण, तोफखाना ही नावं शहरात अजून नांदतात. पावसाळ्याच्या कुंद रात्री तिथले घोडे कसा श्वास घेत असतील?

रिसाल्यातला असो की शर्यतीचा, घोडा फक्त नाकानेच श्वास घेतो. मुताने भिजलेल्या पेंढ्यातून अमोनिया उठतो, आणि तो सर्वांत दाट असतो जमिनीलगत, म्हणजे थकलेला घोडा आडवा होतो तिथेच. बुरशी धरलेल्या चाऱ्याची धूळ फुप्फुसात उतरते आणि दमा जडतो. मग धावपट्टीवर कितीही सराव करून घ्या, दम पुरत नाही. चारा भिजवून खाली ठेवावा, वारा खेळता राहावा. गारठ्याच्या भीतीने सगळ्या खिडक्या लावून घेणं ही माया घोड्याला बाधते.

पोटाचंही तसंच. कुरणात दिवसाचे १४-१६ तास चरणाऱ्या या जनावराच्या जठरात आम्ल अखंड झरतं. शर्यतीच्या घोड्याला मात्र दाणा जास्त, चारा कमी, आणि उरलेला दिवस साधारण १२ बाय १२ फुटांच्या खणात. जठरात व्रण होतात.

काही घोडे दारापाशी उभे राहून तासन्‌तास मान डावी-उजवी झुलवतात. ते पाहताना जीव कळवळतो. मधल्या भिंतीत जाळी बसवून शेजारचा घोडा दिसू दिला, तर हे झुलणं बरंच कमी होतं.