आळशी नाव, कष्टाळू जीव

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सोलापूरहून हैदराबादला गेलो होतो. चारमिनार आणि सालारजंग पाहून झाल्यावर लेकीने हट्ट धरला, आता प्राणिसंग्रहालय! मीर आलम तलावाशेजारचे हे नेहरू प्राणिसंग्रहालय १९६३ साली सुरू झाले. अस्वलापाशी येताच सासूबाई उत्साहाने म्हणाल्या, "करडी नोडू, करडी!"

लेकीने पाटी वाचली, 'स्लॉथ बेअर'. "आई, स्लॉथ म्हणजे आळशी ना? हे तर केव्हाचं माती उकरतंय!"

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे उत्तर मलाच द्यावे लागले. खरा स्लॉथ राहतो मध्य व दक्षिण अमेरिकेत. झाडाला उलटा लोंबकळून तो पाने खातो. पानांत कस कमी आणि ती पचायलाही कित्येक दिवस लागतात. मिळालेली थोडी शक्ती पुरवून वापरायची, म्हणून तो संथ. त्याची लांब, वाकडी नखे म्हणजे फांदीला अडकवायचे आकडेच. त्याचे काही नातलग तर हत्तीएवढे होते आणि जमिनीवर चालत. सुमारे १० हजार वर्षांपूर्वी ते नाहीसे झाले.

आपल्या अस्वलाची अशीच लांब नखे पाहून आणि वरचे पुढचे दोन दात नाहीत असे पाहून जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने १७९१ साली त्याला स्लॉथच्याच कुळात बसवले! पुढे चूक सुधारली, पण इंग्रजी नावातला आळस काही गेला नाही. खरे तर दोघांची नखे सारखी असली तरी कामे निराळी. अस्वल नखांनी वारूळ फोडते, नाकपुड्या मिटून घेते, लांब ओठांची नळी करते आणि दातांच्या त्या फटीतून वाळवी ओढून घेते. याला आळशी कोण म्हणेल?

लेक हसली. सासूबाई मात्र गप्प झाल्या होत्या. बाकावर बसल्यावर म्हणाल्या, "आमच्या गल्लीत दरवेशी यायचा. अस्वलाच्या नाकातून दोरी ओवलेली. तुझा नवरा लहानपणी झोपेत दचकायचा, म्हणून ताईतासाठी मी केस मागितला. त्याने उपटला तेव्हा ते केवढ्यांदा कण्हलं! मी रुपया दिला आणि घरी आले."

मी काय बोलणार? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतरही तो खेळ कितीतरी वर्षे चालूच होता. आता तो जवळजवळ थांबला आहे. हंपीजवळ दरोजीला तर १९९४ पासून खास अस्वलांसाठी अभयारण्य आहे. हे सांगितल्यावर त्यांना जरा बरे वाटले.

घरी आल्यावर त्यांनी ट्रंकेच्या तळातून तो काळवंडलेला ताईत काढला आणि परसातल्या कडुनिंबाखाली पुरला.

"अज्जी, काय पुरतेस गं?" लेकीने विचारले.

"एकाचं उसनं होतं, बाळा," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला नळाकडे गेल्या.