आधी कुणाच्या पोरांना पाजून बघितलंस?

२०१९ च्या पावसाळ्यात रोटा विषाणूच्या जुलाबांवरची लस आमच्याकडे आली. मी तेव्हा पेठ तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका, होते. सत्राच्या दिवशी पाऊस आडवा येत होता. अंगणवाडीच्या ओट्यावर व्हॅक्सिन कॅरिअर, रजिस्टर आणि भिजलेल्या छत्र्या, सगळं एकमेकांना खेटून. सुई टोचायची नाही, तोंडात पाजायचं आहे म्हटल्यावर बाया खूष होत्या. एक आजी मात्र नातवाला पदराखाली धरून तशीच बसून राहिली. आमच्या भागात अहो-जाहो फारसं कुणी करत नाही. तिनं सरळ विचारलं, “नवीन हाय ना? मग आधी कुणाच्या पोरांना पाजून बघितलंस?”

बाया हसल्या, मीही हसले. “सरकारनं बघितलं असेल गं आजी,” म्हटलं. वर आणखी एक वाक्य जोडलं: “आता जुलाबाची काळजी सोड.”

नातू दीड महिन्याचा होता. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे तिन्ही डोस त्याला मीच पाजले. कार्डावर माझ्याच हातच्या तारखा आहेत.

पौषातल्या थंडीत त्याची आई त्याला घेऊन आली. आदल्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या आणि रात्रीपासून पाण्यासारखे जुलाब. डोळे आत गेले होते, रडताना पाणी येत नव्हतं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसत होती. सकाळपासून लघवी नाही. ओआरएस चमच्यानं पाजलं की ओकायचा. दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा चमचा. १०८ ची गाडी येईपर्यंत तो चमचा आणि ते बाळ एवढंच मला दिसत होतं. तालुक्याच्या रुग्णालयातून त्याला नाशिकला पाठवलं. सावळघाट ओलांडताना आईच्या मांडीवर तो झोपला की बेशुद्ध झाला हे दर दोन मिनिटांनी बघत गेले. नाशिकला सलाईन लागलं. तीन दिवसांनी तो घरी आला, पाचव्या दिवशी जुलाब थांबले.

पुढच्या सत्राला आजी आली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “तू पाजलंस ना?”

त्या रात्री मी प्रशिक्षणाची वही काढली. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, अशी माझी तक्रार तयार होती. पण वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘गंभीर रोटा – ५६%’. खाली दोन रेघा. म्हणजे सांगितलं होतं, मी उतरवून घेतलं होतं आणि त्याचा अर्थ न कळताच वही मिटली होती. मग वैद्यकीय अधिकारी साहेबांच्या मागे लागले, मिळेल ते वाचलं. नर्सिंगला असताना केला नसेल एवढा अभ्यास त्या दोन महिन्यांत झाला.

आजीच्या प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते फार लांबचंही नव्हतं. सरकारी लसीकरणात वापरात असलेल्या दोन रोटा लसींपैकी हैदराबादला तयार होणारी लस मार्च २०११ पासून ६,७९९ बाळांवर तपासली गेली. ही बाळं दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातली. पुण्याचं काम केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानं वढू बुद्रुकच्या भागात केलं. वढू आपल्याला माहीत आहे ते संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या आयांनी सहा-सात आठवड्यांची लेकरं पुढे केली होती. आजीला द्यायला मला गावाचं नाव मिळालं, हे मला आकड्याहून मोठं वाटलं.

त्यातल्या ४,५३२ बाळांना खरी लस मिळाली आणि २,२६७ बाळांना दिसायला तशीच, पण आत विषाणू नसलेली. कुणाला काय मिळालं ते आईला ठाऊक नाही, पाजणाऱ्यालाही नाही. मग घरोघरी जाऊन विचारायचं: जुलाब झाले का, किती वेळा, ओकारी किती, ताप किती. त्यावरून गुण देण्याच्या पद्धतीला व्हेसिकारी मोजपट्टी म्हणतात. वीस गुणांची असते, अकरा किंवा जास्त आले तर आजार गंभीर. मी आजीच्या नातवाचे गुण मांडून बघितले. पाच दिवसांचे जुलाब, दिवसाला सहाहून जास्त वेळा, दोन दिवस ओकाऱ्या, बारीक ताप, पाणी आटलेलं, रुग्णालयात भरती. सोळा आले.

पहिल्या वर्षात गंभीर रोटा जुलाबांचं प्रमाण लस मिळालेल्या बाळांमध्ये सुमारे ५६ टक्क्यांनी कमी दिसलं. म्हणजे लस नसती तर ज्या शंभर बाळांना गंभीर रोटा झाला असता, त्यातली छप्पन्न वाचतात आणि चव्वेचाळिसांना तो होतोच. तोही फक्त रोटा. पटकी, हगवण, विहिरीच्या गढूळ पाण्यातून येणारे दुसरे जंतू यांच्याशी या लसीचा संबंध नाही. रोटा आपल्याकडे थंडीत जास्त येतो आणि हातावरून, खेळण्यांवरून पसरतो, त्यामुळे स्वच्छ घरातही शिरतो. नातवाला रोटाच होता का? वढूच्या बाळाचं शौच प्रयोगशाळेत तपासलं गेलं असतं. आमच्या बाळाचं कुणी तपासलं नाही. तेव्हा लस हरली की तिच्यावर दुसऱ्याचाच आळ आला, हे मला आजही सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र बरेच दिवस मनातून जाईना. त्या वर्षांत परदेशी कंपन्यांची रोटा लस आपल्या खासगी दवाखान्यांत पैसे मोजून मिळत होती. मग त्या २,२६७ बाळांना पोकळ डोस का पाजला? यावर जाणत्या लोकांत वाद झाला. ती महागडी लस गरिबाच्या बाळाला तशीही मिळत नव्हती, आणि तुलना केल्याशिवाय स्वस्त लसीचा खरेपणा कळला नसता, असं एका बाजूचं म्हणणं. त्या बाळांची देखरेख आणि उपचार होत होते, हेही खरं. मला हे पटतं, पण पूर्ण नाही. माझं बाळ त्या २,२६७ मध्ये असतं तर मी अंगठा दिला असता का, याचं उत्तर मी स्वतःला अजून दिलेलं नाही.

लसीतला धोका आधी लक्षात आला नाही तर काय होतं हेही वाचलं. अमेरिकेत रोटाची पहिली लस १९९९ मध्ये मागे घ्यावी लागली होती, कारण काही बाळांचं आतडं आतड्यात शिरून अडकलं. म्हणून नंतरच्या मोठ्या चाचण्यांत इतकी हजारो बाळं लागली. डोसानंतर बाळ कळवळून रडत असेल, पोट फुगलं असेल, शौचात रक्त दिसलं तर लगेच या, असं आम्ही सांगतो ते त्यामुळे.

हा अभ्यास झाल्यावर एका सत्राला मी आजीला वढूचं सांगितलं. लसीचं मूळही सांगितलं. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांच्या वॉर्डात रोटा पसरला होता, पण बाळांना जुलाबच झाले नाहीत, आणि पुढे ती गंभीर आजारापासून बरीच वाचली. डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या बाळांच्या शौचातला विषाणू जपून ठेवला आणि त्यातूनच पुढे ही लस झाली. “म्हणजे पोरांचा गू पाजतेस?” आजी म्हणाली आणि सगळा ओटा हसला. मी म्हटलं, धुऊन, गाळून, वीस-पंचवीस वर्षं तपासून. तिला ते चाललं. मग खरं वाक्य बोलले, जे जुलैतच बोलायला हवं होतं: “आजी, ही लस निम्म्याहून थोडं जास्त काम करते. बाकीचं तुला-मला करायचंय.” तिनं मान हलवली. “असं आधी सांगायचं.”

तेव्हापासून मी प्रत्येक आईला हेच सांगते. एकीनंही त्यामुळे डोस नाकारलेला नाही. अर्धवट खात्री दिली तर बाया पळतील, ही भीती आमच्यासारख्यांच्याच डोक्यात असते.

बाकीचं म्हणजे ओआरएस आणि झिंक. माझ्या आईच्या काळी जुलाब लागले की बाळाचं पाणी तोडायचे. माझा एक भाऊ तसाच गेला, त्याचं बारसंही झालं नव्हतं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून पटकीचे रुग्ण जगवले. ते ऐकलं की मला भाऊ आठवतो.

झिंकची गोळी दिल्लीतल्या मुलांच्या अभ्यासातून आली. १९९५ साली ९३७ मुलांचे निष्कर्ष छापून आले. दुसरीकडचेही अभ्यास जमा होत गेले आणि २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं दहा ते चौदा दिवसांचा नियम घातला; आपल्याकडे चौदा दिवस धरतात. हा नियम आमच्याकडे सगळ्यात जास्त मोडतो. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतात आणि पाकीट फळीवर जातं. घरभेटीला गेले की मी आधी फळी बघते. दहा-दहा गोळ्या उरलेल्या सापडतात.

तुमच्या घरी लहान मूल असेल तर एवढं करा. ओआरएसचं मोठं पाकीट आख्खं एक लिटर पाण्यातच घाला, पेल्यात चिमूटभर टाकून भागवू नका, आणि केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्या. झिंकची गोळी सहा महिन्यांखालच्या बाळाला अर्धी, त्यावरच्याला वीस मिलिग्रॅमची पूर्ण, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून द्या. आणि जुलाब थांबले तरी चौदाच्या चौदा दिवस द्या.