बटाट्याची रात्रपाळी

बटाट्याचं झाड दिवसा पानांत साखर बनवतं. ती खाली कंदात साठवायची की नाही, हे मात्र बरंचसं रात्रीच्या गारव्यावर ठरतं. रात्रीचा पारा २० अंशांच्या वर राहिला की कंद धरणं मंदावतं. झाड दिसायला मात्र एकदम झक्कास! एसपी६ए नावाचं प्रथिन पानांतून खाली "कंद धरा" असा निरोप नेतं, हे २०११ साली कळलं. उकाड्यात ते बनतंच कमी. (आमच्या भाषेत, सर्व्हर चालू, मेसेज क्यू रिकामी.)

मंचरचे मामा विचारतात, "पाला एवढा हिरवागार, मग खाली गोट्याच का रे?" बियाणं, खत सगळं उधारीवर. उष्णता सोसणाऱ्या 'कुफरी सूर्या' वाणाबद्दल सांगितलं, तर म्हणाले, "भाव काय मिळतो त्याला?" यंदा दोन गोण्या लावून बघणार आहेत.